निसर्ग शिबिर

निसर्ग शिबिर : उन्हाळी सुटीत मुलांनी घरापासून दूर रानात, डोंगरात किंवा पाण्याकाठी काही दिवस राहून तिथली झाडे, पाखरे, किडे, दगड आणि आकाश यांची जवळून ओळख करून घेण्याचा उपक्रम. तंबू ठोकला, शेकोटी पेटवली, पोहून आले, एवढ्याने निसर्ग शिबिर होत नाही. निसर्ग हा मुक्कामाची जागा न राहता शिकण्याचा विषय झाला, की शिबिराला हे नाव शोभते. हा फरक आज उघड वाटतो. प्रत्यक्षात तो पडायला काही दशके लागली, आणि तोवर मुलांना रानात नेण्याची कारणे वेगळीच होती.

अमेरिकेतील पहिल्या शिबिराचा मान सहसा फ्रेडरिक विल्यम गन यांना दिला जातो. कनेक्टिकट राज्यातील वॉशिंग्टन गावात त्यांची निवासी शाळा होती. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि मुलांच्या डोक्यात सैनिक होण्याचे वेड शिरले. सैनिकांसारखे उघड्यावर झोपायला मिळावे, असा त्यांचा हट्ट होता. गन यांनी त्या उन्हाळ्यात सगळी शाळा सुमारे चाळीस मैल चालवत मिलफर्डच्या समुद्रकाठी नेली. होड्या, मासेमारी आणि भटकंती यांत मुलांचे दिवस गेले.

त्यानंतरच्या पिढीने रानाकडे पाहिले ते औषध म्हणून. १८७६ मध्ये जोसेफ रॉथरॉक या डॉक्टरांनी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात अशक्त मुलांसाठी शिबिर काढले. रॉथरॉक नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते, पुढे त्या राज्यातील जंगले वाचवण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला; तरीही शिबिराच्या नावात शब्द होता तो शरीरसंवर्धनाचा. त्याच वर्षी झुरिकचे धर्मोपदेशक वॉल्टर बिऑन यांनी शहरातील ६८ गरीब मुलांना अपेन्झेलच्या डोंगरात हवापालटासाठी नेले. युरोपभर पसरलेल्या सुटीतील वसाहतींची सुरुवात तिथून धरतात. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या दाट वस्तीतील मुलांना खेड्यात पाठवणारा ‘फ्रेश एअर’ उपक्रम सुरू झाला. सगळीकडे हिशेब एकच होता : मोकळी हवा, पोटभर जेवण, वाढलेले वजन.

न्यू हॅम्पशायरच्या स्क्वाम सरोवरातील बेटावर १८८१ मध्ये अर्नेस्ट बाल्च या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने काढलेल्या ‘कॅम्प चोकोरुआ’चे कारण मात्र निराळे होते. श्रीमंत घरांतील मुले उन्हाळाभर हॉटेलांत लोळत काढतात, याची बाल्चना चीड होती. म्हणून बेटावर नोकरचाकर ठेवलेच नाहीत. स्वयंपाक, भांडी, होड्यांची डागडुजी, सगळे मुलांनीच करायचे. कामाचा मोबदला मिळे आणि शिबिराची स्वतःची बँकही होती. १८८९ मध्ये हे शिबिर बंद पडले, पण स्वावलंबनाचा त्याचा धडा पुढच्या जवळपास प्रत्येक शिबिराने गिरवला. १८८५ मध्ये समनर डडली यांनी सात मुलांना घेऊन सुरू केलेले ‘कॅम्प डडली’ आजही चालू आहे.

निसर्ग पाहायला शिकवण्याची परंपरा या शिबिरांच्या बाहेर वाढत होती. लुई अगासी या प्राणिशास्त्रज्ञांनी १८७३ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्सच्या पेनिकीझ बेटावर शिक्षकांसाठी वर्ग भरवला. त्यात स्त्रियाही होत्या. आधी प्राणी हातात घ्या, नीट पाहा, पुस्तक नंतर, अशी त्यांची शिस्त होती. अगासी त्याच वर्षाअखेर वारले आणि वर्ग आणखी एका उन्हाळ्यानंतर बंद पडला. त्यांचे विद्यार्थी मात्र ती पद्धत घेऊन शाळांत गेले. पुढे कॉर्नेल विद्यापीठातील लिबर्टी हाइड बेली आणि अॅना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांनी निसर्ग-अभ्यासाची चळवळच उभी केली. मुलाने अंगणातील कोळी स्वतः पाहावा, प्रश्न स्वतः विचारावा, शिक्षकाने उत्तराची घाई करू नये, ही कॉमस्टॉक यांची रीत. शिबिराच्या इतिहासात त्यांचे नाव क्वचित घेतले जाते, ही खरोखर उणीव आहे. आजचा प्रत्येक चांगला शिबिर-मार्गदर्शक त्यांच्याच वाटेने चालतो.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांच्या हातून. ते चित्रकार, लेखक आणि प्राण्यांचे जाणकार. कनेक्टिकटमधील कॉस कॉब येथील त्यांच्या जमिनीचे कुंपण गावातील मुले मोडत. १९०२ मध्ये सेटन यांनी पोलिसांकडे न जाता त्याच मुलांना आपल्या रानात मुक्कामाला बोलावले. दिवसा माग काढणे, झाडे आणि पाखरे ओळखणे; रात्री शेकोटीभोवती गोष्टी. ठरलेली पातळी गाठली की मुलाला पीस मिळे. एकाने जिंकावे म्हणून दुसऱ्याने हरावे लागत नसे, हे त्या योजनेचे मर्म होते. मात्र सेटन यांनी यातून उभ्या राहिलेल्या आपल्या चळवळीला अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा पेहराव आणि विधी चढवले. त्यांना त्या लोकांबद्दल मनापासून आदर होता, तरी त्याचे अनुकरण करणाऱ्या असंख्य शिबिरांत जिवंत समाजाची संस्कृती खेळातले सोंग होऊन बसली. अलीकडे अनेक शिबिरांनी अशी नावे आणि प्रथा सोडल्या आहेत, आणि ते योग्यच झाले.

सेटन यांनी १९०६ मध्ये आपल्या चळवळीचे हस्तपुस्तक ब्रिटिश सैन्याधिकारी रॉबर्ट बेडन-पॉवेल यांना पाठवले. पुढच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांचे आठ दिवसांचे प्रायोगिक शिबिर भरले. सुमारे वीस मुलगे होते, काही नामांकित शाळांतले, काही कामगारवस्तीतले. त्यांचे चार गट पाडले आणि गटांना लांडगा, बैल, डोमकावळा आणि कर्ल्यू हा पाणपक्षी अशी नावे दिली. प्रत्येक गटाने आपल्या प्राण्याची हाक शिकून घ्यायची. यातूनच स्काउट चळवळ जन्मली. मुलींसाठी न्यू हॅम्पशायरमध्ये लॉरा मॅटून यांनी १९०२ मध्येच शिबिर काढले होते. १९१० मध्ये ल्यूथर आणि शार्लट गुलिक यांनी ‘कॅम्प फायर गर्ल्स’ सुरू केले. गोऱ्यांच्या शिबिरांची दारे कृष्णवर्णीय मुलांना बहुतेक बंद असत. १९२१ मध्ये विल्यम डीबेरी यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापलेले ‘कॅम्प अॅटवॉटर’ त्यामुळे महत्त्वाचे ठरते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिबिरे फोफावली, तसा त्यांत लष्करी थाटही आला : बिगुल, रांगा, तासागणिक वेळापत्रक. एल. बी. शार्प यांनी १९२५ पासून त्यांच्याकडे असलेल्या शिबिरांत ही चौकट मोडली. मोठ्या जमावाऐवजी लहान गट केले, प्रत्येक गटाला रानात वेगळी जागा दिली आणि दिवस कसा काढायचा हे गटावर सोपवले. १९३६ मध्ये पक्षीरक्षणाचे काम करणाऱ्या ऑडुबॉन संस्थेने मेन राज्याच्या हॉग बेटावर शिक्षक आणि मार्गदर्शकांसाठी शिबिर सुरू केले. पक्षी शिकवायला पक्षी ओळखण्याच्या पुस्तकाचे लेखक रॉजर टोरी पीटरसन होते. मुलांना रानात नेणाऱ्याला आधी रान कळले पाहिजे, ही गोष्ट तोवर बऱ्याच ठिकाणी राहून गेली होती.

जुन्या शिबिरांत फांद्या तोडून बिछाना करणे, कोवळी झाडे कापून झोपडी बांधणे, फुले-फुलपाखरे टाचून संग्रह करणे हे कौशल्य मानले जाई. शतकाच्या उत्तरार्धात रानात जाणाऱ्यांची गर्दी वाढली, पायवाटा आणि सरोवरकाठ उजाड झाले, तेव्हा ही रीत उलटली. मागे खूण न ठेवता राहण्याचे नियम शिबिरांत आले आणि त्यांचा प्रसार करणारी ‘लीव्ह नो ट्रेस’ संस्था अमेरिकेत १९९४ मध्ये उभी राहिली.

शिबिराचा मुलांवर होणारा परिणाम मोजणे अवघड आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील संशोधकांचा २०१४ चा एक अभ्यास मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सहावीतील ५१ मुलांनी पाच दिवस मोबाइल-टीव्हीच्या पडद्याविना निसर्ग शिबिरात काढले. ५४ मुले नेहमीप्रमाणे शाळेत जात राहिली. परतल्यावर चेहऱ्यावरून भावना ओळखण्यात शिबिरातील मुलांनी दुसऱ्या गटापेक्षा जास्त प्रगती दाखवली. हा परिणाम रानाचा, पडदा नसल्याचा की दिवसभर समोरासमोर राहण्याचा, हे त्यातून वेगळे काढता येत नाही.

शिबिरातील उपकरणे साधी असतात. दोरीचा हातभर चौकोन जमिनीवर टाकून त्यातले सगळे जीव मोजायला सांगितले, की पाच मिनिटांत कंटाळणारी मुले दहाव्या मिनिटाला पोटावर झोपून पाचोळा उलटू लागतात. रात्रीसाठी दोन झाडांमध्ये पांढरी चादर ताणतात आणि मागे दिवा लावतात. आधी चिलटे येतात, मग तपकिरी पतंग, आणि कधीतरी तळहाताएवढा एखादा पतंग चादरीवर पंख पसरून बसतो. मुले कुजबुजत वहीत त्याच्या पंखांवरचे ठिपके काढून घेतात. जाणता मार्गदर्शक तासा-दोन तासांत दिवा विझवतो आणि चादर हलक्या हाताने झटकून घेतो, कारण पहाटेपर्यंत पतंग तिथेच राहिले तर उजाडताच पाखरे येऊन त्यांना टिपतात.