रोमन नाण्यांवरची 'एस' आणि 'सी' : ग्राहकांसाठी माहिती

रोमन पितळी नाणे हातात घेतले की बहुतेक ग्राहक आधी मागची बाजू पाहतात आणि विचारतात, ही दोन मोठी अक्षरे कसली? कुणाला ती टांकसाळीची खूण वाटते, कुणाला धातूच्या कसाची. तसे काही नाही. 'सेनाटूस कोन्सुल्टो' या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. अर्थ, 'सेनेटच्या (रोमच्या ज्येष्ठांच्या राज्यसभेच्या) ठरावाने'.

ही खूण सम्राटांच्या आधीपासूनची. प्रजासत्ताकाच्या काळात सेनेटने एखाद्या खास कामासाठी नाणी पाडायला मंजुरी दिली की चांदीच्या डिनेरियसवर कधी कधी तसा उल्लेख येई. आमचे आवडते उदाहरण इ.स.पू. 100 च्या सुमाराचे आहे. पिसो आणि कॅपिओ या दोन क्वेस्टरांनी, म्हणजे खजिन्याच्या अधिकाऱ्यांनी, पाडलेल्या नाण्यावर दोघे बाकावर शेजारी बसलेले दिसतात आणि दोन्ही बाजूंना गव्हाच्या ओंब्या आहेत. लेखाचा अर्थ : 'धान्यखरेदीसाठी, सेनेटच्या ठरावानुसार'. सरकारी खर्चाची मंजुरी थेट पैशावरच छापलेली!

पुढे पहिला सम्राट ऑगस्टस याने सुट्ट्या नाण्यांची घडी नव्याने बसवली. सेस्टर्शियस आणि ड्युपॉन्डियस पितळेचे, आस तांब्याचा. 16 आस म्हणजे एक डिनेरियस, आणि एका सेस्टर्शियसचे 4 आस. यांतल्या बऱ्याच नाण्यांच्या मागे मधोमध भलीमोठी 'एस-सी' आणि भोवती टांकसाळ-अधिकाऱ्याचे नाव आहे. नंतरच्या सम्राटांच्या नाण्यांवर मध्यभागी देवता किंवा इमारत आली आणि अक्षरे बाजूला किंवा खाली सरकली. तरी तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ती टिकली.

सोने-चांदी सम्राटाच्या हातात आणि तांबे-पितळ सेनेटच्या हातात, अशी वाटणी होती असे मोमसेन या जर्मन इतिहासकाराने मांडले. जुन्या कॅटलॉगांत अजून तेच वाचायला मिळते. पण सीरिया हा सम्राटाच्या थेट ताब्यातला प्रांत होता आणि तिथल्या अँटिओकच्या तांब्याच्या नाण्यांवरही पानांच्या हारात हीच अक्षरे ठळक दिसतात. उलट सम्राट नीरोच्या इ.स. 64 पूर्वीच्या सोन्या-चांदीच्या नाण्यांवर 'सेनेटच्या ठरावानुसार' असे आहे. सम्राट कॅलिगुला सैनिकांपुढे भाषण करताना दाखवलेल्या प्रसिद्ध सेस्टर्शियसवर मात्र ती अक्षरे नाहीत. म्हणून ती साधी वाटणी आम्हाला पटत नाही. सेनेटने सम्राटाला दिलेल्या मानसन्मानांकडे ही खूण निर्देश करते असेही एक मत आहे. ऑगस्टसच्या सेस्टर्शियसवरचा ओकच्या पानांचा हार पाहिला की त्यात तथ्य वाटते. नागरिकांचे प्राण वाचवल्याबद्दलचा तो मान होता.

भारतात सापडलेले डिनेरियस पाहून काही जण घाबरतात : अक्षरे नाहीत, म्हणजे नाणे खोटे? तसे मुळीच नाही. दक्षिण भारतात मोठ्या संख्येने सापडणाऱ्या ऑगस्टस आणि टायबेरियसच्या चांदीच्या नाण्यांवर ती नसतातच.

खोटेपणा ओळखताना अक्षरे असण्या-नसण्यापेक्षा त्यांच्या कडा पाहा. झिजलेले नाणे नव्याने कोरून 'उठावदार' करण्याचा उद्योग जुना आहे. अशा नाण्यावर अक्षरे करकरीत दिसतात, पण भोवतीची पातळी खरवडून सपाट केलेली असते आणि सम्राटाचे केस मात्र झिजलेले. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हान्नी दा काव्हिनोने सेस्टर्शियसच्या इतक्या सुरेख प्रतिकृती घडवल्या की त्या आज स्वतःच गोळा केल्या जातात. पण त्या रोमन नाण्याच्या भावाने घेऊ नका.

आणि कृपा करून चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावू नका. तांब्या-पितळेवरचा हिरवट-तपकिरी थर शतकानुशतके जमलेला असतो. तो गेला की अक्षरांची धार जाते, किंमतही उतरते. शंका असेल तर नाणे आहे तसेच, कापसात गुंडाळून दुकानात आणा. भिंगाखाली आपण मिळून पाहू.