जुन्या पिकअपचा ऑइल फिल्टर आणि नियमित देखभाल : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"पिकअपचा ऑइल फिल्टर द्या" एवढ्या मागणीवर आम्ही फिल्टर का देत नाही आणि आधी आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) का मागतो, असे नारायणगाव, ओतूर, मंचर परिसरातील ग्राहक आम्हाला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे, कारण विचारणाऱ्याची गाडी बहुधा गॅरेजमध्ये चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट सोडलेल्या अवस्थेत उभी असते आणि संध्याकाळी टोमॅटोचे क्रेट भरून वाशीला निघायचे असते. तरीही आम्ही आग्रह सोडत नाही. नवी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते आणि तेथे तिची सर्व नोंद असते. आपण घेतलेली पिकअप मात्र एक-दोन मालकांच्या आणि अनेक मेकॅनिकच्या हातांतून गेलेली असते, आणि तिच्या बॉनेटखाली आज नेमके काय आहे हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही.

नाव आणि साल एवढ्यावर फिल्टर ठरत नाही

आपल्या भागात सर्रास दिसणाऱ्या बोलेरो पिकअपचेच उदाहरण घेऊ. यांत्रिक डिझेल पंपाच्या जुन्या इंजिनाची घनक्षमता २५२३ सीसी होती आणि पुढे आलेल्या कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनाचीही तेवढीच आहे, त्यामुळे आरसीवरचा सीसीचा आकडा पाहून दोन्ही इंजिने एकच समजण्याची चूक सहज होते. सालावरूनही उलगडा होत नाही. देशभर धुराच्या प्रदूषणाचे बीएस-४ मानक १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. या तारखांच्या आगेमागे घेतलेल्या गाड्यांत उत्पादनाचा महिना एक आणि नोंदणीचा महिना दुसरा असू शकतो, आणि "माझी सतराची गाडी आहे" असे ग्राहक सांगतो तेव्हा तो जवळजवळ नेहमी नोंदणीचे साल सांगत असतो. टाटा आणि अशोक लेलँडच्या छोट्या मालवाहू गाड्यांचीही स्थिती फारशी वेगळी नाही.

म्हणून येताना आरसीच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो आणावा; डिजिलॉकरमधील आरसीही चालते. चेसिस क्रमांकावरून कंपनीच्या यादीतील फिल्टरचा क्रमांक मिळतो. शक्य असल्यास इंजिनावर कोरलेल्या क्रमांकाचाही फोटो काढून आणावा, कारण जुन्या गाडीत इंजिनच बदललेले असण्याची शक्यता असते. तो क्रमांक आरसीशी जुळला नाही, तर फिल्टर प्रत्यक्षात बसवलेल्या इंजिनाप्रमाणे द्यावा लागतो. अशा बदलाची आरटीओत नोंद असावी लागते आणि ती नसल्यास पासिंगच्या (आरटीओतील फिटनेस तपासणीच्या) वेळी गाडी अडते, हे मात्र गाडी विकत घेण्यापूर्वीच पाहायला हवे होते. व्यवहार अजून व्हायचा असेल, तर क्रमांक जुळवून पाहण्याचे काम आम्ही विनामूल्य करून देतो.

जुना डबा हा पुरावा नव्हे

आमचा आणि ग्राहकांचा सर्वांत जास्त वेळ वाया घालवणारी चूक ही आहे. गाडीवरून काढलेला जुना फिल्टर कागदात गुंडाळून आणायचा, काउंटरवर ठेवायचा आणि "अगदी असाच द्या" म्हणायचे, ही पद्धत नव्या गाडीच्या पहिल्या मालकाला कदाचित चालेल. जुन्या गाडीच्या बाबतीत मात्र त्या डब्यावरून इतकेच कळते की आधीच्या माणसाला त्या दिवशी दुकानात काय मिळाले.

ऑइल फिल्टरच्या डब्यांचे आकार आणि रंग एकमेकांसारखे असतात, फरक मापांत असतो. फिल्टर फिरवून बसवण्याच्या प्रचलित आट्यांपैकी एक माप २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराचे आहे. दुसरे पाऊण इंचाचे, म्हणजे १९.०५ मिलिमीटर व्यासाचे, ज्यात एका इंचात १६ आटे असतात. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही. इंजिनावरच्या पाऊण इंची स्टडवर (फिल्टर ज्यावर फिरवतात त्या आट्यांच्या नळीवर) २० मिलिमीटरचा फिल्टर चढतो, रबर रिंग टेकली की हाताला घट्टही लागतो, पण त्याचे आटे केवळ टोकाटोकाला धरलेले असतात. इंजिन थंड असताना ऑइल घट्ट असते आणि दाब सर्वांत जास्त चढतो; अशा वेळी किंवा घाटात फिल्टर सुटला, तर चेंबरमधील ऑइल पाहता पाहता रस्त्यावर सांडते, आणि चालकाने ऑइलचा लाल दिवा पाहून लगेच इंजिन बंद केले नाही तर बेअरिंग जाम होते. "आधीचाही असाच होता आणि चालला होता" हे म्हणणे खरे असू शकते. तो सुटायचा राहिला होता, इतकाच त्याचा अर्थ.

आटे जुळले तरी रबर रिंगचा व्यास, डब्याची उंची आणि आतील झडपा जुळाव्या लागतात. म्हणून जुना डबा अवश्य आणावा, पण आरसीसोबत आणावा. त्यावरचा क्रमांक यादीशी जुळला तर उत्तमच. न जुळल्यास आम्ही यादीप्रमाणे फिल्टर देतो आणि तसे बिलावर लिहितो.

याच ठिकाणी आमच्या एका नियमाचा खुलासा करावासा वाटतो, कारण त्यावरून काउंटरवर कधी कधी शब्दाला शब्द लागतो. ऑइल लागलेला किंवा एकदा चढवून काढलेला फिल्टर आम्ही परत घेत नाही. तो फिल्टर दुसऱ्या ग्राहकाला विकणे योग्य नाही आणि पुरवठादारही तो स्वीकारत नाही. मात्र आरसी पाहून आम्ही दिलेला फिल्टर बसला नाही, तर चूक आमची समजून तो आम्ही बदलून देतो. आरसी न दाखवता, आग्रहाने नेलेल्या फिल्टरची जबाबदारी आम्हाला घेता येत नाही.

स्वस्त आणि चांगला यांत फरक कोठे असतो

फिल्टरमध्ये नुसता कागद असतो, असा समज आहे. कागद महत्त्वाचा आहेच. घड्या कमी असल्या किंवा चिकटवण कच्चे असले तर ऑइल न गाळताच पुढे जाते. परंतु त्याखेरीज आत दोन झडपा असतात. कागद गच्च भरला किंवा थंडीत ऑइल जाड झाले, तर बायपास झडप उघडते आणि इंजिनाला ऑइल मिळत राहते. न गाळलेले ऑइल मिळणे हे अजिबात न मिळण्यापेक्षा बरे, हा त्यामागचा विचार. तिची स्प्रिंग किती दाबाला उघडावी हे इंजिनानुसार ठरलेले असते. दुसरी झडप रबराची असते आणि इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधील ऑइल खाली उतरू देत नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर ही झडप फार महत्त्वाची ठरते. सकाळी पहिल्यांदा चालू करताना ऑइलचा लाल दिवा काही सेकंद रेंगाळत असेल आणि इंजिनातून खडखड येत असेल, तर अनेकदा या झडपेचे रबर कडक झालेले असते. तेव्हा मोठे काम काढण्याआधी योग्य फिल्टर लावून पाहावा.

आम्ही गाडीच्या कंपनीचा मूळ फिल्टर तसेच बॉश, प्युरोलेटर आणि एलोफिकचे फिल्टर ठेवतो. कोणता घ्यावा हे विचारल्यास आमचे मत असे की मूळ फिल्टर आणि चांगल्या ब्रँडचा त्याच क्रमांकाला चालणारा फिल्टर यांत निवड खिशाप्रमाणे करावी, पण बिनछापाचा डबा घेऊ नये. इंजिनाच्या दुरुस्तीच्या तुलनेत वाचणारी रक्कम फारच किरकोळ असते.

बसवताना

फिल्टर आपल्या गावच्या मेकॅनिककडून बसवून घेतला तरी आमची हरकत नाही. फक्त एक गोष्ट आपण स्वतः उभे राहून पाहावी. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबर रिंग त्याच्यासोबत निघाली आहे ना, हे तपासावे. उष्णतेने ती कधी कधी इंजिनाच्या तोंडालाच चिकटून राहते, मेकॅनिकच्या लक्षात येत नाही, आणि नवा फिल्टर त्या जुन्या रिंगवरच चढवला जातो. दोन रिंगा एकमेकींवर टिकत नाहीत. गाडी चालू होते, थोडी चालते आणि मग ऑइल फवाऱ्यासारखे बाहेर येते. "तुमचा फिल्टर लीक आहे" म्हणून आमच्याकडे परत आलेल्या फिल्टरच्या मागे बहुतेक वेळा हीच दुसरी रिंग सापडते.

नव्या रिंगला बोटाने ऑइल लावावे, रिंग टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवावा आणि त्यानंतर डब्यावर छापलेल्या सूचनेइतका, साधारणपणे पाऊण ते एक फेरा, हातानेच आवळावा. चेन पाना केवळ काढण्यासाठी आहे. चेंबरच्या नटाचा वॉशर प्रत्येक वेळी नवा घालावा. तो आम्ही फिल्टरसोबत देतो. टर्बो असलेल्या गाडीत ऑइल बदलल्यावर लाल दिवा विझेपर्यंत रेस करू नये.

घेतलेल्या गाडीची पहिली सर्व्हिस

विकणाऱ्याने "आत्ताच ऑइल बदलले आहे" असे सांगितले तरी बिल दाखवत नसेल, तर ते बदललेले नाही असे धरून चालावे. डिझेल इंजिनात ऑइलचा रंग पाहून काही ठरवता येत नाही, कारण काजळीचे कण एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, कागदातून आरपार जातात आणि नवे ऑइलही थोड्याच दिवसांत काळे होते. उलट घेताना ऑइल मोजण्याच्या पट्टीवर स्वच्छ सोनेरी ऑइल दिसले, तर ते विक्रीपूर्वी घाईने बदलले असण्याचा संभव अधिक.

अशा गाडीचे ऑइल आणि फिल्टर आम्ही दोनदा बदलण्याचा सल्ला देतो : एकदा घेतल्याबरोबर आणि दुसऱ्यांदा साधारण २,००० किलोमीटरनंतर. यात आमची दुप्पट विक्री होते, हे ग्राहक हसत हसत बोलून दाखवतात, आणि ते खोटे नाही. परंतु वर्षानुवर्षे साचलेला गाळ नव्या ऑइलमुळे सुटू लागतो आणि पहिल्या फिल्टरमध्ये जमा होतो, म्हणून तो फिल्टर पूर्ण मुदत वापरू नये. हाच गाळ एका दिवसात काढण्यासाठी फ्लशिंगचे रसायन घालण्याची पद्धत आहे. गाळाची ढेकळे सुटून चेंबरमधील जाळी तुंबण्याची भीती असल्याने फार चाललेल्या इंजिनात आम्ही ते करत नाही, मागितले तरी करत नाही. पहिला फिल्टर आम्ही कापून आतला कागद आपल्याला दाखवतो. त्यात चकाकणारे धातूचे कण दिसले, तर इंजिनाच्या कामासाठी पैसे बाजूला ठेवण्याची वेळ जवळ आली आहे असे समजावे.

पुढील बदलाची मुदत गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावी, पण त्यात खडतर वापरासाठी दिलेली वेगळी, कमी मुदत पाहावी. पूर्ण भाराने माळशेज घाट चढणारी, शेतरस्त्यावरील धुळीत चालणारी आणि बाजार समितीच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी खडतर वापरातच मोडते. ऑइलचा दर्जाही पुस्तिकेप्रमाणे असावा. बीएस-६ गाडीत धुरातील काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असेल, तर कमी राख सोडणारे ऑइलच घालावे, अन्यथा तो महागडा भाग राखेने भरतो. अशा गाडीत पट्टीवरील पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर ऑइलमध्ये डिझेल मिसळत आहे असे समजून ते लगेच दाखवावे. लाल दिवा ऑइलचा दाब दाखवतो, पातळी नव्हे. पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टीनेच पाहावी आणि वरच्या खुणेपलीकडे ऑइल कधीही भरू नये.

उरलेली देखभाल

एअर फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने बाहेरून झोडपू नये. कमी दाबाने, आतून बाहेर फुंकावा, आणि कागद फाटलेला असल्यास बदलावा, कारण इंजिनात शिरलेली धूळ ऑइल फिल्टर कितीही चांगला असला तरी सिलिंडर घासतेच. डिझेल फिल्टरखालचे पाणी ठरावीक दिवसांनी सोडावे. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालू नये; क्षार साचतात आणि घाटात गाडी तापते. स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिना आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांचे ग्रीसिंग पावसाळ्यात अधिक वेळा करावे. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियलचे ऑइल एकदा पाहून घ्यावे. ते दुधी दिसल्यास पाणी शिरले आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून दोन वर्षांनी ते बदलावे, विशेषतः घाटात चालणाऱ्या गाडीत. मालवाहू गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. ही कामे त्या तारखेच्या महिनाभर आधी केल्यास पासिंगच्या वेळी धावपळ होत नाही.

आमच्याकडे ऑइल बदलल्यास किलोमीटर, ऑइलचा दर्जा आणि फिल्टरचा क्रमांक लिहिलेले कार्ड आम्ही गाडीत लावून देतो, आणि तीच नोंद आमच्या वहीत राहते. एकदा नोंद झाली की पुढच्या वेळी आरसी आणण्याची गरज नाही. गाडीचा नंबर सांगितला तरी पुरे. जळके ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडते, ते नाल्यात किंवा बांधावर ओतू नये. बाहेर बदललेले ऑइलही कॅनमध्ये आणून दिल्यास आम्ही जमा करून घेतो आणि परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवतो. हंगामात सकाळी काउंटरवर गर्दी असते, म्हणून आरसीचा फोटो आदल्या संध्याकाळी पाठवल्यास फिल्टर, वॉशर आणि ऑइल असा संच काढून ठेवला जातो.