परस (कोकण) : ऋतुमान आणि लागवड

कोकणात घराच्या मागील दारी, विहीर आणि न्हाणी यांच्या आधाराने केलेल्या भाजी-फुलांच्या बागेला परस म्हणतात. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील गावांत ती सहसा काही गुंठ्यांचीच असते. भोवती जांभ्या दगडांचा गडगा किंवा निगडी-एरंडाची वई, आणि पलीकडे माड-पोफळींचे आगर. या भागात वर्षाला 3,000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभी जमीन पाणी धरत नाही. पावसाबरोबर खतातले सत्त्वही वाहून जाते आणि माती आम्ल होते. त्यामुळे परसाची मांडणी वर्षातून दोनदा बदलावी लागते : पावसाळ्यात पाणी काढून देणारे उंच वरंबे, दसऱ्यानंतर पाणी धरणारे सखल वाफे. परसातली भाजी फसते ती बियाण्यापेक्षा या बदलाला उशीर झाल्याने.

पावसाळी लागवडीची तयारी रोहिणी नक्षत्रात, म्हणजे 25 मेच्या सुमारास होते. सुरणासाठी सुमारे 60 सेंमी लांब-रुंद आणि 45 सेंमी खोल खड्डा घेऊन माती, कुजलेले शेणखत व चुलीतली राख यांनी भरतात. अर्धा किलोचा, डोळ्याचा भाग असलेला तुकडा शेणकाल्यात बुडवून लावतात आणि वर पातेरा (वाळलेला पाला) पसरतात. डोळा नसलेला तुकडा बहुधा जमिनीतच कुजतो. हळदही याच सुमारास वरंब्यावर लागते. तिची पाने श्रावणात पातोळ्यांना कामी येतात, कंद मात्र पाने वाळल्यावर माघाच्या आसपास काढावेत.

काकडी (तवसे), पडवळ, शिराळे (दोडका), कारले या वेलांची आळी जमिनीपेक्षा वीतभर उंच करावीत. प्रत्येक आळ्यात 4-5 किलो शेणखत घालून चार-पाच बिया टोकाव्यात आणि पुढे जोमदार दोनच रोपे ठेवावीत. मृगाचा पाऊस 7-8 जूनला धरतात. त्याआधी दहा-बारा दिवस हातपाण्यावर बी रुजवले, तर मुसळधार सुरू होईपर्यंत वेलाला चार-पाच पाने येतात. मृगानंतरच्या आर्द्रा नक्षत्रात टोकलेले बी चिखलात कुजते, आणि जगलेच तरी गणपतीला फळ मिळेलच असे नाही. पडवळ-काकडीचा पहिला तोडा पेरणीपासून साधारण दोन महिन्यांनी येतो, हे धरूनच दिवस मोजावेत. घरच्या गणपतीवर बांधायच्या माटवीला परसातलीच काकडी आणि चिबूड हवा असतो. त्यामुळे वेलांचे वेळापत्रक उलटे, चतुर्थीपासून मागे मोजून ठरवले जाते.

मांडव वेलापेक्षा आधी तयार हवा. मेढी पुरून त्यांवर सुमारे सहा फूट उंचीवर बांबूच्या काठ्यांची जाळी बांधतात. तो बुटका झाला तर खाली हवा खेळत नाही, पानांवर भुरी-केवडा हे बुरशीचे रोग येतात आणि पडवळ जमिनीला टेकते. कोवळ्या पडवळाच्या टोकाला लहानसा दगड दोऱ्याने बांधला की फळ सरळ वाढते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने पडवळाची ‘कोकण श्वेता’ आणि कारल्याची ‘कोकण तारा’ हे वाण या हवामानासाठी दिले आहेत.

वेलांचा मोठा शत्रू म्हणजे फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, फळ वाकडे होऊन आतून सडते. डंख झालेली फळे परसातच टाकणे ही सर्रास होणारी चूक आहे, कारण अळी मातीत शिरून कोष करते आणि नवी माशी तयार होते. अशी फळे रोज गोळा करून दोन फूट खोल पुरावीत, आणि क्यू ल्यूरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा फुलोऱ्याच्या आधीच टांगावा. लहान रोपांवरच्या तांबड्या भुंगेऱ्यांसाठी उघडीप असेल तेव्हा सकाळी ओल्या पानांवर राख धुरळतात. पाऊस आला की ती धुऊन जाते आणि पुन्हा टाकावी लागते. गोगलगायींसाठी संध्याकाळी ओले गोणपाट अंथरावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या वेचाव्यात.

न्हाणीच्या पाण्यावर अळू बारमाही राहते. वडीसाठी काळ्या देठाचे अळू निवडतात. शिजवताना चिंच किंवा आमसूल घालावेच, नाहीतर घसा खाजतो.

आगरात याच दिवसांत पोफळीला कोळे रोग (फळे कुजवणारा बुरशीचा रोग) होऊन कोवळ्या सुपाऱ्या गळतात. पावसाआधी एकदा आणि नंतर साधारण 40 दिवसांनी उघडीप पाहून शिंपुटांवर (सुपारीच्या घडांवर) 1 टक्का बोर्डो मिश्रण फवारतात. घरगुती प्रमाण असे : 100 ग्रॅम मोरचूद 5 लिटर पाण्यात, 100 ग्रॅम चुना वेगळ्या 5 लिटरमध्ये, दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या प्लास्टिकच्या भांड्यात ओतून ढवळावे. त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबे मोकळे आहे, पाने करपतील. आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

हस्ताचा पाऊस ओसरला आणि भात कापणीला आले की वरंबे मोडून वाफे बांधतात. वांगी-मिरचीची रोपे मात्र त्याआधी, सप्टेंबरच्या शेवटी गादीवाफ्यावर टाकलेली असावीत. वाफा मीटरभर रुंद आणि 15 सेंमी उंच करून बी दाट न टाकता ओळीत पेरावे. रोपे चार-पाच आठवड्यांनी लावतात. लाल माठ आणि मुळा यांना वाफ्यात थेट बी फेकून चालते. जमिनीतली उरलेली ओल वाल-कुळथाला पुरते, म्हणून ते कापणीनंतर लगेच पेरावे लागतात. पंधरा दिवस गेले की माती टणक होते. सुरण, कणगर आणि करांदे हे कंद पाला पिवळा पडल्यावर खणतात. रानडुकरांचा वावर असेल तर तितकीही वाट पाहू नये.

फाल्गुनापासून विहीर खाली जाते आणि परस आक्रसते. तेव्हा सगळ्याच वाफ्यांना थोडे-थोडे पाणी देण्यापेक्षा निम्मे वाफे सोडून द्यावेत. माडाला ठिबकने रोज 30-40 लिटर पाणी लागते. आळ्यात नारळाची सोडणे (वरची साले) आणि पातेरा पसरला की ओल टिकते. पातेरा जाळून टाकू नये, परसातल्या मातीला तेवढेच सेंद्रिय खाद्य फुकट मिळते. एप्रिल-मेमध्ये रातांबे (कोकमाची फळे) पिकतात. आमसुलांसाठी ते वळवाआधी फोडून साले उन्हात घालायची असतात, कारण मध्येच पाऊस लागला तर बुरशी धरते.

पुढच्या वर्षाच्या बियाण्यासाठी वेलावरचे दुसरे-तिसरे निरोगी फळ राखतात. शिराळे वेलावरच वाळवून चुलीवरच्या धुरात टांगतात. काकडीच्या बिया धुऊन, राखेत चोळून सावलीत सुकवतात. शेजारी कडू काकडीचा वेल असेल तर परागीकरणाने बी बिघडते, म्हणून राखायचे फळ त्या वेलापासून लांबचेच निवडावे.