चिपकणारा गंज, न चिपकणारा गंज

तुमसरकडच्या एका आठवडी बाजारात भांडेवाल्यानं दोन गंज पुढे ठेवले आणि खिशातून जुन्या स्पीकरचा चुंबक काढला. "पाहा जी मावशी, हा चिपकते, म्हणजे लोखंड. हा चिपकत नाही, म्हणजे असली स्टील." मावशींनी दुसरा घेतला आणि पैसे जास्त मोजले. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं. गंजाला गंज चढतो तेव्हा इथे कुणी हसत नाही.)

भांडेवाला लबाड नव्हता, त्याला तसंच शिकवलं गेलं होतं. पण लोखंड दोन्ही गंजांत आहे. न चिपकणारं नावाजलेलं स्टील 304 नंबरचं. त्यात शंभरातले 70 च्या आसपास भाग लोखंडच, 18 क्रोमियम आणि 8 निकेल. चिपकणारं बहुधा 430. त्यात लोखंड 80 च्या वर, क्रोमियम 16 ते 18, निकेल जवळजवळ नाही. गंज अडवतो तो क्रोमियम. भांड्यावर त्याच्या ऑक्साइडचा डोळ्याला न दिसणारा पापुद्रा धरतो, आणि तो दोन्हींवर असतो. तेव्हा चिपकणारं भांडंही स्टेनलेसच. 304 जास्त टिकाऊ हे खरं, पण ते चुंबकामुळे नाही.

मग एकाच लोखंडाची ही दोन वागणुकी कशी?

प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक बारीकसा चुंबक असतो. तांब्यात किंवा भंडाऱ्याच्या पितळेत बहुतेक इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं, उलट तोंडं करून असतात. बंडीचा एक बैल उगवतीकडे ओढतो, दुसरा मावळतीकडे. बंडी जागची हलत नाही. लोखंडाच्या अणूत 4 इलेक्ट्रॉन बिनजोडीचे उरतात. पण तेवढ्यानं भागत नाही. शेजारच्या अणूंनीही त्याच दिशेला तोंड करायला हवं, आणि ते करतील की नाही हे अणू कसे रचलेत त्यावर ठरतं.

साध्या लोखंडात, आणि 430 मध्येही, चौकोनी ठोकळ्याच्या आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि पोटात एक अशी रचना असते. तिच्यात शेजाऱ्यांचं एकमेकांशी जमतं. 304 मध्ये पोटातली जागा रिकामी असते आणि ठोकळ्याच्या प्रत्येक बाजूच्या मधोमध एकेक अणू बसतो. या रचनेत ते जमत नाही, आणि चुंबक भांड्यावरून घसरतो. साधं लोखंडही 912 अंश सेल्सिअसच्या वर तापलं की हीच रचना धरतं. चुंबकाशी त्याची सोयरीक मात्र त्याआधीच, 770 अंशांना, तुटलेली असते. लोहाराच्या भट्टीतून काढलेली लालभडक वखराची पास चुंबकाला दाद देत नाही. निवली की पुन्हा चिकटते.

निकेलची गंमत मला सगळ्यात आवडते. शुद्ध निकेल चुंबकाला चिकटतं. पण लोखंड-क्रोमियममध्ये पुरेसं घातलं की ते तापलेल्या लोखंडाची रचना थंडपणीही टिकवून धरतं. चिकटणारा धातू मिसळल्यानं चिकटणंच जातं!

आता मँगनीज. त्याची डोंगरी बुजुर्गची खाण याच तुमसर तालुक्यात आहे. अणुक्रमांक 25, म्हणजे 26 नंबरच्या लोखंडाचा सख्खा शेजारी. बिनजोडीचे इलेक्ट्रॉन 5, लोखंडाहून एक जास्तच. तरी ते चुंबकाला चिकटत नाही, कारण त्याच्या अणूंचा ओढा शेजाऱ्याच्या उलट तोंड करण्याकडे असतो. निकेल महाग, मँगनीज स्वस्त. म्हणून स्वस्त भांड्यांत बरंचसं निकेल वगळून त्याच्या जागी मँगनीज घालतात. अशा 202 नंबरच्या स्टीलमध्ये निकेल 4 ते 6 भाग आणि मँगनीज साडेसात ते 10. रचना तीच टिकते, म्हणून तेही चिकटत नाही. मात्र मीठ नि आंबट लागलं तर ते 304 पेक्षा लवकर डाग धरतं. चुंबकाला या दोघांतला फरक कळतच नाही. मावशींचा गंज यांतला कोणता, हे त्या स्पीकरच्या चुंबकाला विचारून उपयोग नव्हता. भांड्यावर कोरलेला नंबर असेल तर तो पाहायचा, नाहीतर पक्क्या बिलावर लिहून मागायचा.

कधीकधी न चिपकणाऱ्या गंजाची कड हलकीशी चिपकते. तिथे फसवणूक नसते. पत्रा दाबून, ओढून गंज घडवताना जिथे जास्त ताण पडतो तिथली थोडी रचना बदलते, एवढंच.

आणि मावशींच्या घरी उद्या इंडक्शनची शेगडी आली, तर तिच्यावर बुडाला चुंबक चिकटणारं भांडंच तापेल. न चिकटणाऱ्या काही भांड्यांच्या बुडाला त्यासाठी चिकटणाऱ्या स्टीलची चकती मुद्दाम बसवलेली असते. मावशींच्या गंजाचं बूड साधं होतं. शेगडीवर चाललं असतं ते त्या भांडेवाल्याकडेच राहिलं, लोखंड म्हणून.