चोर सोडून संन्याशाला फाशी: पायरसी रोखणारी यंत्रणा नेमकी कुठे चुकते

खानदेशात लग्नसराई लागली की हळदीच्या रात्री डीजेवर अहिराणी गाणी वाजतात. ही गाणी मोठ्या कंपन्या काढत नाहीत. धुळे, शिरपूर, पारोळा, चाळीसगाव अशा गावांतली पोरं ती करतात. एक जण शब्द लिहितो, दुसरा कीबोर्डवर चाल बसवतो, ड्रोनवाल्याला दिवसाचं भाडं देऊन केळीच्या बागेत शूटिंग उरकतं. गाणं यूट्यूबवर चढलं की दोन दिवसांत कोणीतरी ते जसंच्या तसं उतरवून आपल्या चॅनेलवर टाकतो. पूर्वी हाच धंदा मोबाइलच्या दुकानांत चालायचा. बाहेर 'गाणी भरून मिळतील' अशी पाटी आणि आत पन्नास रुपयांत मेमरी कार्ड गच्च. ज्याने घसा कोरडा करून गाणं गायलं त्याच्या हाती त्यातला छदामही पडत नसे. पायरसी हा आपल्याकडे लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे आणि ती रोखायला कायदा हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मला काळजी वाटते ती या कायद्याच्या हातात दिलेल्या हत्यारांची. 'अमुक साइट बंद करा' असा आदेश निघतो, तेव्हा तारांमधून आणि सर्व्हरमधून नेमकं काय घडतं हे फारसं कोणी सांगत नाही. ते पाहिलं की लक्षात येतं, नेम धरणं या हत्यारांना जमतच नाही.

पहिलं हत्यार डीएनएसचं. आपण ब्राउझरमध्ये एखाद्या साइटचं नाव टाकतो, पण संगणकांना एकमेकांपर्यंत पोहोचायला आकडी पत्ता लागतो. नावावरून हा पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मॉकापेट्रिस यांनी ती १९८३ मध्ये आखली. सहसा तुमची इंटरनेट कंपनीच हा पत्ता पुरवते. साइट बंद करायची झाली की कंपनी खोटा पत्ता देते किंवा 'असं नावच नाही' म्हणते. साइट जगात जिथे होती तिथेच असते, फक्त तुम्हाला तिची वाट सापडत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या कोणाचा डीएनएस निवडला की बऱ्याचदा ती सापडतेही. म्हणजे सराईत चोराला याचा त्रास मिनिटभराचा. अडकतो तो ज्याला हे काही माहीत नाही असा साधा माणूस.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. डीएनएसला फक्त साइटचं नाव कळतं. त्या नावाखाली कोट्यवधी पानं असली आणि त्यातलं एकच चोरीचं असलं, तरी डीएनएससाठी सगळी सारखीच. २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने दोन दाक्षिणात्य चित्रपटांच्या संरक्षणासाठी आदेश दिला. इंटरनेट कंपन्यांनी त्याचा अर्थ असा लावला की व्हिमिओ आणि डेलीमोशनसारख्या अख्ख्या व्हिडिओ साइट देशभर बंद पडल्या. तिथे स्वतःच्या कामाचे नमुने ठेवणाऱ्या छायाचित्रकारांचा आणि विद्यार्थ्यांचा त्या चित्रपटांशी काडीचाही संबंध नव्हता. जूनमध्ये न्यायालयाला खुलासा करावा लागला की बंदी फक्त नेमक्या लिंकपुरती आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये तर इंटरनेट अर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालयच भारतात बंद झालं. दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांनी न्यायालयापुढे ठेवलेल्या अडीच हजारांहून जास्त साइटच्या यादीत त्याचंही नाव होतं. हे प्रकरण मला अजून बोचतं. जुनी मराठी पुस्तकं आणि नियतकालिकं, ज्यांच्यावर आता कोणाचाच हक्क उरलेला नाही, ती तिथे स्कॅन करून ठेवलेली आहेत. नंदुरबार किंवा अमळनेरच्या ज्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईचं ग्रंथालय गाठणं परवडत नाही, त्याचं ग्रंथालय तेच. दोन सिनेमांपायी त्याला टाळं लागलं, आणि यादी करताना त्यात काय आहे हे कोणी उघडून पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

मग नेमकी लिंकच का बंद करत नाहीत, असा प्रश्न साहजिक पडतो. इथे तंत्रज्ञानाची एक मेख आहे. पूर्वी आपण कोणतं पान मागतोय हे इंटरनेट कंपनीला उघड दिसायचं. आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे तुमची मागणी कुलूपबंद होऊन जाते. बँकेचा व्यवहार सुरक्षित राहतो तो याच कुलपामुळे. कंपनीला दिसते ती फक्त सुरुवातीची हाक: कोणत्या नावाच्या सर्व्हरशी बोलायचं आहे. त्याला एसएनआय म्हणतात. दुसरं हत्यार हेच: आपल्याकडच्या काही कंपन्या ही हाक ऐकून जोडणी तोडतात, हे संशोधकांनी चाचण्या घेऊन दाखवलं आहे. पण हाकेत नाव असतं, पान नसतं. न्यायालयाने कितीही बारकाईने लिंक लिहून दिली तरी तारेच्या टोकाला बसलेल्या कंपनीपुढे दोनच पर्याय उरतात, अख्खी साइट बंद किंवा अख्खी साइट चालू. ते एक पान काढणं फक्त ज्याच्या सर्व्हरवर ते आहे त्यालाच शक्य असतं.

तिसरं हत्यार आकडी पत्ताच अडवण्याचं, आणि ते सगळ्यांत आंधळं. आज हजारो साइट एकाच आकडी पत्त्यावरून चालतात. जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एका गाळ्यात चोरीचा माल सापडला म्हणून सगळी इमारतच सील करावी, तसा हा प्रकार. इटलीने फेब्रुवारी २०२४ पासून फुटबॉलच्या चोरट्या प्रक्षेपणावर 'पायरसी शील्ड' नावाची यंत्रणा बसवली. हक्कधारकाने पत्ता कळवला की कंपन्यांनी तो ३० मिनिटांत अडवायचा. मध्ये न्यायाधीश नाही, पडताळणीला वेळ नाही. त्याच महिन्यात असंख्य साइटना सेवा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीचा एक सामायिक पत्ता अडला आणि त्यावरच्या निरपराध साइट बंद पडल्या. ऑक्टोबरमध्ये गुगल ड्राइव्हचं एक डोमेन यादीत गेलं आणि लोकांना स्वतःच्याच फायली उतरवता येईनात. स्पेनमध्ये २०२५ पासून सामन्याच्या वेळी असेच सामायिक पत्ते अडवले जाताहेत. बॉल मैदानात असेपर्यंत एखाद्या छोट्या दुकानदाराची वेबसाइट बंद राहते, आणि का, हे त्याला कळतही नाही.

या सगळ्याची कल्पना जाणकारांनी आधीच दिली होती. अमेरिकेत २०११ मध्ये 'सोपा' आणि 'पिपा' अशी पायरसीविरोधी दोन विधेयकं आली. परदेशी चोरट्या साइटचा पत्ता डीएनएसने सांगू नये, अशी तरतूद त्यांत होती. त्याच सुमारास डीएनएसएसईसी नावाची सुरक्षा जगभर उभी राहत होती. डीएनएसचं उत्तर वाटेत कोणी बदललेलं नाही, हे ती सहीनिशी तपासते. २०१० मध्ये डीएनएसच्या मुळाशी ही सही बसली. स्टीव्ह क्रॉकर, पॉल विक्सी, डॅन कामिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निबंधात दाखवून दिलं की दरोडेखोराने बदललेलं उत्तर आणि कायद्याने बदललेलं उत्तर, दोन्ही या तपासणीला सारखीच दिसतात. एकाला अडवायचं आणि दुसऱ्याला सोडायचं, हे गणितात बसत नाही. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया निषेध म्हणून चोवीस तास बंद राहिला, गुगलच्या अर्जावर ७० लाख लोकांनी सह्या केल्या, आणि दोनच दिवसांत दोन्ही विधेयकं बाजूला ठेवली गेली. लोकांना आठवतो तो बंद. मला त्या पाच अभियंत्यांचा निबंध जास्त मोलाचा वाटतो, कारण कायदा ज्या यंत्रावर चालणार ते यंत्र त्यांनी लोकप्रतिनिधींपुढे उघडून ठेवलं.

इथवर झालं ते साइट बंद करण्याचं. आपल्या अहिराणी गायकाची गाठ मात्र रोज पडते ती वेगळ्याच यंत्राशी, चोरीचं गाणं आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या कंटेंट आयडीशी. ते २००७ पासून चालू आहे. ते कोणत्याही सरकारी कायद्याने सक्तीचं केलेलं नाही, पण चोरीच्या मजकुराची जबाबदारी अंगावर येऊ नये या धाकातून अशा चाळण्या जन्मतात. युरोपच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशाने तर मोठ्या कंपन्यांवर ही जबाबदारीच टाकली.

यंत्र गाणं ओळखतं कसं, हे पाहण्यासारखं आहे. समजा पावरीचा, म्हणजे फुंकून वाजवायच्या आपल्याकडच्या वाद्याचा, एक सूर आहे, मागे ढोल आहे. यंत्र आवाजाचे अगदी बारीक तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या पट्टीला किती जोर आहे ते मोजतं. त्यातली सगळ्यांत ठळक शिखरं ठेवतं, बाकीचं सोडून देतं. मग दोन-दोन शिखरांच्या जोड्या लावून त्यांच्यातलं वेळेचं अंतर टिपतं. या आकड्यांची माळ म्हणजे त्या गाण्याचा ठसा. गाणं ओळखून देणाऱ्या शॅझम ॲपच्या एव्हरी वँग यांनी ही युक्ती २००३ मध्ये मांडली, आणि ती इतकी भक्कम आहे की वरातीच्या गोंगाटातही गाणं ओळखू येतं. कंटेंट आयडीची अंगभूत रचना कंपनीने उघड केलेली नाही, पण ठसा काढून जुळवायचा हे तत्त्व तेच.

ठसा जुळवताना यंत्र सहसा चुकत नाही. ते चुकतं त्याच्या पुढच्या पायरीवर. आवाज सारखा आहे एवढंच त्याला कळतं. तो वापरायची परवानगी होती का, तो समीक्षेसाठी घेतला होता का, त्यावर कोणाचा हक्क उरलाय का, यातलं काहीही आवाजाच्या लहरींत लिहिलेलं नसतं. ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी यान मंगळावर उतरल्याचा व्हिडिओ नासाच्याच चॅनेलवरून काही काळ गायब झाला होता. एका वृत्तसंस्थेने त्यावर हक्क सांगितला होता.

आता हेच खानदेशात आणून पाहा. कीबोर्डवरचा पावरीचा एकच तयार लूप दहा जण वापरतात, कारण तो सगळ्यांनाच मिळतो. त्यांतला एक जण वितरकामार्फत आपलं गाणं कंटेंट आयडीत आधी नोंदवतो. दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या नऊ जणांच्या गाण्यांवर त्याचा दावा पडतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडे वळू शकतात. श्रावणातल्या कानबाईच्या गाण्यांचंही तसंच होऊ शकतं. ती कोणी रचली हे कोणालाच ठाऊक नाही, आजीकडून नातीकडे आलेली. ती कोणाच्या मालकीची नाहीत हे यंत्राला कोण सांगणार? बहिणाबाईंचंच घ्या. त्या १९५१ मध्ये गेल्या, त्यांच्या कवितांचा पहिला संग्रह १९५२ मध्ये निघाला. आपल्याकडची साठ वर्षांची मुदत मोजली तर त्या संग्रहातल्या शब्दांवरचा कॉपीराइट २०१२ अखेर संपला. आसोद्याच्या शाळेतल्या मुलीने त्या ओव्यांना स्वतःची चाल लावून त्या म्हटल्या तर कायद्याने तिला कोणी अडवू शकत नाही. पण कंपन्यांच्या ध्वनिमुद्रणांवर त्यांचा वेगळा हक्क असतो, आणि चाल जरा जवळ गेली की तंटा सुरू.

यूट्यूबच्याच आकड्यांनुसार २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत कंटेंट आयडीने ७२ कोटींहून जास्त दावे केले. त्यांतल्या फक्त ३७ लाखांच्या आसपास दाव्यांना लोकांनी आव्हान दिलं. आणि त्या आव्हानांपैकी ६० टक्के निकाल व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूने लागले. कंपनी म्हणते, आव्हानं कमी म्हणजे यंत्र अचूक. मला त्यात दुसरंही काही दिसतं. इंग्रजीतली नोटीस, चॅनेल जाईल ही धास्ती आणि तीस दिवसांची वाट, हे सगळं पाहून गावाकडचा पोरगा मुकाट बसतो.

भारतात या हत्यारांना धार चढतेच आहे. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नाव बदलून परत येणाऱ्या साइट पुन्हा नव्याने दावा न लावता अडवायची मुभा दिली. चोर रोज नवं नाव घेतो, त्यामुळे त्यामागची अडचण खरी होती. २०२३ मध्ये तर पुढे येणाऱ्या, अजून तयारही न झालेल्या कलाकृतींनाही हे संरक्षण लागू झालं. त्याच वर्षी सिनेमॅटोग्राफ कायद्यातही दुरुस्ती झाली. चित्रपटगृहात चोरून चित्रण करणाऱ्याला आता तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि निदान तीन लाखांचा दंड. कॅमेरा घेऊन बसलेल्याला पकडणारी ही तरतूद मला योग्य वाटते, कारण तिथे गुन्हेगार समोर असतो. साइटच्या याद्यांचं तसं नाही. २०२० मध्ये संशोधकांनी देशातल्या सहा मोठ्या इंटरनेट कंपन्या तपासल्या, तर कुठे ना कुठे अडवलेल्या चार हजारांहून जास्त साइटपैकी सहाही कंपन्यांनी अडवलेल्या एक तृतीयांशही नव्हत्या. देश एक, कायदा एक, आणि कोणतं सिमकार्ड घातलंय यावर तुम्हाला काय वाचता येईल ते ठरतं. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालचे साइट बंद करण्याचे सरकारी आदेश गोपनीय. यंत्रणा एकच असल्यावर पायरसीच्या यादीत उद्या दुसरंच काही घुसलं, तर ते बाहेरून ओळखायचं कसं?

यातून वाट नाही असं मुळीच नाही. २०१३ च्या कॉपीराइट नियमांत लिंक वा प्रवेश देणाऱ्या मध्यस्थांसाठी चांगली पद्धत घालून दिली आहे. तक्रारदाराने कोणती कलाकृती आणि ती कुठे आहे हे नेमकं लिहून द्यायचं, ३६ तासांत प्रवेश रोखायचा, आणि २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो परत सुरू करता यायला हवा. म्हणजे पान नेमकं, मुदत नेमकी, आणि चूक झाली तर ती आपोआप सुधारण्याची सोय. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात सरसकट साइट बंद करायला नकार दिला आणि लिंकांची पडताळलेली यादी मागितली. बंद पानावर कोणत्या आदेशाने ते बंद झालं आणि हरकत असेल तर कोणाकडे दाद मागायची हे लिहा, असंही त्यांनी सांगितलं. नुसतं पाहणं हा गुन्हा नव्हे, हेही तेव्हाच स्पष्ट झालं. दावा क्रमांक आणि दाद मागायचा पत्ता, एवढ्या दोन ओळी प्रत्येक बंद पानावर छापायला कोणत्याही कंपनीला फारसा खर्च येत नाही. केंद्राने तसा नियम करावा, आणि बंद केलेल्या साइटची यादी दर महिन्याला मराठीसह सगळ्या भाषांत लोकांपुढे ठेवावी.