पियानोच्या ॲपचा कान कसा तपासावा

दोन्ही हात एकत्र चालू लागले, चार-पाच स्केल्स बोटांत बसल्या, सोप्या केलेल्या धुना वाजवता येऊ लागल्या, की पियानो शिकवणारं सुरुवातीचं ॲप अपुरं पडायला लागतं. गाणी संपली म्हणून तसं होत नाही, तर या टप्प्यावर चुकांची जातच बदलते. आधी चुकीची पट्टी दाबली जायची. आता पट्टी बरोबर असते, पण लवकर सुटते. कॉर्डमधला मधला स्वर उमटतच नाही. डावा हात उजव्यावर कुरघोडी करतो. पेडल उशिरा उचललं जातं. नवं ॲप घेताना गाण्यांच्या यादीआधी हे बघावं, की या चुका त्याला ऐकू तरी येतात का.

ॲप दोन मार्गांनी ऐकतं: फोनच्या मायक्रोफोनमधून, नाहीतर केबलवरून थेट मिडी संदेश घेऊन.

मायक्रोफोनचा मार्ग सोयीचा, पण त्याच्या मर्यादा भौतिकशास्त्राने घातलेल्या आहेत. पियानोची तार एकच कंपनसंख्या देत नाही. मधल्या सी च्या एक सप्तक खालचा सी वाजवला, तर १३०.८ हर्ट्झबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनसंख्यांचे उपस्वरही उमटतात. तिप्पट म्हणजे ३९२ हर्ट्झ, म्हणजेच मधल्या सी च्या वरचा जी. पाचपट म्हणजे ६५४ हर्ट्झ, त्याच्याही वरच्या ई च्या अगदी जवळ. त्यामुळे डाव्या हाताने खालचा सी धरला आणि उजव्या हाताचा जी राहून गेला, तरी ॲपला जी 'ऐकू' येऊ शकतो.

खालच्या स्वरांत आणखी एक अडचण आहे. दोन शेजारचे स्वर वेगळे ओळखायला ढोबळमानाने त्यांच्या कंपनसंख्यांतल्या फरकाच्या व्यस्ताइतका वेळ आवाज ऐकावा लागतो. मधला सी आणि सी शार्प यांत १५.६ हर्ट्झचा फरक आहे. ६४ मिलिसेकंद पुरतात. सगळ्यात खालच्या ए मध्ये (२७.५ हर्ट्झ) आणि त्याच्या शेजारच्या काळ्या पट्टीत फरक जेमतेम १.६ हर्ट्झ, तिथे सहा दशांश सेकंद लागतात. चांगली ॲप्स उपस्वरांचा आधार घेऊन हा वेळ कमी करतात, तरी जलद डाव्या हातात गोंधळ उरतोच.

मिडीत हा प्रश्न येत नाही. १९८३पासून चालत आलेल्या या पद्धतीत आवाज जातच नाही. जातो तो पट्टीचा क्रमांक (मधला सी म्हणजे ६०), ती किती वेगाने दाबली याचा १ ते १२७ मधला आकडा, आणि पट्टी सुटल्याचा वेगळा संदेश. पेडलचाही आकडा येतो. डिजिटल पियानो असेल तर केबल लावाच. बहुतेक पियानोंना मागे प्रिंटरला असतो तसा चौकोनी यूएसबी सॉकेट असतो; अँड्रॉइडला ओटीजी जोडणी (फोनला यूएसबी उपकरण जोडणारं छोटं अडॅप्टर) लागते. पियानोबरोबर आलेलं साधं पेडल अनेकदा फक्त ० किंवा १२७ पाठवतं, त्यामुळे अर्धं पेडल ॲपला दिसणार नाही.

लाकडी पियानोवर मात्र बहुधा मायक्रोफोनच. पावसाळ्यात मुंबई-गोव्याच्या दमट हवेत साउंडबोर्ड (तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी) फुगून स्वर चढतो, कोरड्या हवेत उतरतो, आणि वर्षानुवर्षं ट्यूनिंग न झालेला पियानो बराच खाली बसतो. ए ४४०ऐवजी ४२७ वर आला, की तो दोन स्वरांच्या बरोबर मध्ये पडतो आणि ॲप बरोबर वाजवलेलंही चूक ठरवतं. आधी ट्यूनर बोलवावा, ॲपला नंतर दोष द्यावा.

मोफत चाचणीच्या दिवसांत मुद्दाम चुका करून बघाव्यात. मागितलेला स्वर एक सप्तक खाली वाजवा. तीन स्वरांच्या कॉर्डमधला मधला गाळा. दोन मात्रांचा स्वर अर्ध्या मात्रेत सोडा. बरोबर स्वरासोबत शेजारची पट्टीही दाबा. शेवटी हळूहळू लय वाढवत न्या. यांतल्या तीन चुका ॲपच्या नजरेतून सुटल्या, तर ते ॲप या टप्प्याचं नाही. शेवटची चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण योग्य पट्टी दाबेपर्यंत थांबून राहणाऱ्या पद्धतीत लय तपासलीच जात नाही. ही सोय नवीन तुकड्याच्या पहिल्या दोन-तीन वाचनांपुरती वापरावी, मग बंद.

ब्लूटूथ हेडफोन टाळावेत. त्यांत आवाज अनेकदा १५० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो. १२० च्या टेम्पोला सोळांश स्वर १२५ मिलिसेकंदांचा असतो. उशिरा ऐकू येतं म्हणून हात थबकतात. वायरचे हेडफोन थेट पियानोत लावावेत.

ऐकण्याइतकंच ॲप बोलतं केव्हा हेही बघावं. १९८४ साली सॅल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी हालचाली शिकण्यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. प्रत्येक प्रयत्नाला सतत मार्गदर्शन मिळालं, की सरावात कामगिरी सुधारते, पण मार्गदर्शन काढल्यावर टिकत नाही, असं त्यांनी मांडलं. शिकणारा त्यावर विसंबतो. म्हणून प्रत्येक स्वराला हिरवा-लाल रंग दाखवणारं ॲप आम्हाला कमी पसंत आहे; पूर्ण तुकडा वाजवून झाल्यावर बारनिहाय (नोटेशनच्या एकेका खान्यानुसार) चुका दाखवणारं घ्यावं. रंग बंद करता येत असतील तरी चालेल.

डोळ्यांचंही तेच. १९७४च्या स्लोबोडा यांच्या प्रयोगांत वाचन सुरू असताना नोटेशन अचानक झाकलं, तरी चांगले वाचक साधारण सात स्वरांपर्यंत पुढे वाजवू शकत. त्यांची नजर हातांच्या पुढे धावत होती. वरून पडणाऱ्या रंगीत पट्ट्या आणि चालू स्वरावर सरकणारी रेघ ही नजर 'आत्ता'वर खिळवून ठेवतात. त्यामुळे पूर्ण स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं स्वरलेखन) दाखवणारं, सरकती रेघ लपवता येणारं ॲप हवं. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या प्रत्यक्ष परीक्षेत न पाहिलेला तुकडा वाचून वाजवण्याआधी जास्तीत जास्त अर्धा मिनिट मिळतो. ॲपमध्येही तसाच सराव करावा: रोज नवा छोटा तुकडा, तीस सेकंद नजर, मग एकदाच, न अडखळता.

पुनरावृत्तीची सोय बारकाईने तपासा. दोन-चार बार निवडताना शेवट पुढच्या बारच्या पहिल्या स्वरापर्यंत नेता आला पाहिजे, नाहीतर दोन तुकड्यांचा सांधाच कच्चा राहतो. टेम्पो टक्क्यांत बदलावा, ६० पासून पाच-पाचने वर, आणि सुरू होण्याआधी एक बार मोजून मिळावा. एकच तुकडा वीस वेळा घोटण्यापेक्षा तीन तुकडे आलटून पालटून घ्यावेत. १९७९ साली शी आणि मॉर्गन यांच्या हाताच्या हालचालींवरच्या प्रयोगात मिसळून सराव करणारे सुरुवातीला मागे होते, पण दहा दिवसांनी त्यांच्याच जास्त लक्षात राहिलं. असा मिसळलेला क्रम लावून देणारं ॲप न सापडल्यास तीन तुकडे वहीत लिहून हातानेच बदलावेत.

'इंटरमिजिएट' या शब्दावर विसंबू नका. प्रत्येक कंपनीची पातळी वेगळी. ॲपमधला सर्वांत अवघड तुकडा उघडा आणि बोटांचे आकडे, स्लर (सलग वाजवायच्या स्वरांवरची कमान), पेडलच्या खुणा, एकाच हातात दोन स्वरधारा आहेत का ते बघा. त्याची तुलना ट्रिनिटी (तसंच दुसरं परीक्षा मंडळ) किंवा एबीआरएसएमच्या ग्रेड तीन-चारच्या तुकड्यांशी करा. शिक्षकांनी दिलेलं नोटेशन मिडी किंवा म्युझिक-एक्सएमएल फाइलमधून ॲपमध्ये घालता येत असेल, तर ते गाण्यांच्या मोठ्या यादीपेक्षा मोलाचं.

वर्षाची वर्गणी पहिल्या दिवशी भरू नये. एक महिना घ्यावा, स्वयंचलित नूतनीकरण लगेच बंद करावं, आणि महिनाअखेरीस ॲप बंद ठेवून शिकलेला एक तुकडा फोनवर रेकॉर्ड करावा. ॲपशिवाय तो मेट्रोनोमवर पूर्ण वाजला, तर पुढचे पैसे भरायला हरकत नाही.