आयजीसीएसई की आयबी? आधी टप्पा बघा, मग शाळा

जळगाव-भुसावळकडे मूल आठवी-नववीत गेलं की पालक हल्ली हा प्रश्न हमखास विचारतात: "आयजीसीएसई न् आयबी, एकच शे ना भाऊ?" दोन्ही आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम, पण एकच नाही. आणि दोन्हींतून एक निवडा, असंही सरळ नाही. आयजीसीएसई दहावीच्या बरोबरीला संपतं. आयबी म्हणून ज्याची चर्चा चालते तो डिप्लोमा मात्र अकरावी-बारावीचा आहे. कित्येक शाळा दहावीपर्यंत आयजीसीएसई आणि पुढे आयबी डिप्लोमा अशीच जोडी चालवतात.

आयजीसीएसई हे केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाचं, 1988 पासूनचं. त्यापुढे अकरावी-बारावीच्या बरोबरीची, त्याच मंडळाची ए लेव्हल. आयबी ही 1968 मध्ये जिनिव्हात सुरू झालेली वेगळी संस्था. तिचे लहान वर्गांचेही अभ्यासक्रम आहेत. म्हणजे खरी तुलना करायची ती ए लेव्हल आणि आयबी डिप्लोमा यांची. (पाटीवर 'इंटरनॅशनल' असलेल्या बऱ्याच शाळा मुळात सीबीएसईच्या असतात, तेव्हा मंडळाची मान्यता कागदावर बघून घ्या.)

आपल्याकडच्या घरांसाठी सगळ्यात मोठा फरक विषयांत आहे. ए लेव्हलला साधारण तीन-चार विषय, तेही आपल्या निवडीचे आणि खोलात. डिप्लोमाला सहा विषय घ्यावेच लागतात: एक भाषा साहित्यासह, दुसरी भाषा, एक सामाजिक शास्त्र, एक विज्ञान, गणित, आणि सहावा कलेचा किंवा त्याऐवजी आणखी एखादा. त्यांतले किमान तीन वरच्या पातळीचे, प्रत्येकी 240 तासांचे. बाकीचे 150 तासांचे.

आता मुलीला डॉक्टर व्हायचंय असं धरा. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही लागतात, शिवाय बारावीच्या पातळीचं इंग्रजीही. डिप्लोमाच्या नेहमीच्या रचनेत विज्ञानाचे दोनच विषय बसतात. तिसरा घ्यायचा तर शाळेला आयबीकडून खास परवानगी मागावी लागते. ए लेव्हलला तिन्ही सरळ घेता येतात, फक्त इंग्रजी आठवणीने जोडावं लागतं. ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही आणि अकरावीच्या मध्यावर लक्षात आली तर पोर अडकते. इंजिनिअरिंगचंही तसंच. राज्याची सीईटी मुख्यतः राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असते, त्यामुळे या दोन्ही मार्गांच्या मुलांना ती तयारी वेगळी करावी लागते.

मग डिप्लोमा घ्यायचाच कशाला? मला विचाराल तर त्याच्या गाभ्यासाठी. सहा विषयांशिवाय तीन गोष्टी सक्तीच्या आहेत. पहिली, 4,000 शब्दांपर्यंतचा स्वतंत्र शोधनिबंध. समजा रावेरच्या मुलाने केळीच्या खोडाचा धागा घेतला. एक जुडी साध्या पाण्यात भिजवायची, एक क्षारात, मग टोकाला वजनं अडकवत जायचं आणि कुठली कधी तुटते ते मोजायचं. आकडे जुळले नाहीत तर का जुळले नाहीत, हेही त्यानेच लिहायचं. शिक्षक वाट दाखवतात, लिहून देत नाहीत. घरामागच्या पिकाकडे मूल असं बघायला लागतं, याचं मोल मला फार वाटतं. दुसरी, ज्ञान म्हणजे काय आणि आपल्याला एखादी गोष्ट माहीत आहे हे कशावरून, याचा अभ्यास. अमळनेरला 1916 मध्ये तत्त्वज्ञानाची संस्था उभी करणाऱ्या आपल्या भागाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. तिसरी कॅस, म्हणजे कला, खेळ-व्यायाम आणि सेवा. तिला गुण नाहीत, पण ती अपुरी राहिली तर डिप्लोमाच मिळत नाही. एकूण गुण 45, आणि डिप्लोमासाठी किमान 24 लागतात.

केंब्रिजच्या वाटेवर नाटक, खेळ, गावातलं काम शाळेच्या मर्जीवर असतं. चांगली शाळा ते करते, बाकीच्या ठिकाणी मूल एका परीक्षेकडून दुसरीकडे जातं. शाळा जोखायची एक साधी खूण आहे. आयजीसीएसईच्या विज्ञानात प्रयोगासाठी दोन पर्याय असतात: पेपर 5 प्रत्यक्ष प्रयोगशाळेत हाताने करायचा, पेपर 6 प्रयोगाबद्दल फक्त लिहायचा. दोन्ही वैध आहेत. पण तुमची शाळा कोणता देते आणि पेपर 6 देत असेल तर वर्षभरात मुलं प्रयोगशाळेत किती वेळा उभी राहतात, हे विचारा.

राज्य मंडळातून दहावी झालेल्यांसाठीही डिप्लोमाचं दार उघडं आहे. मुळशीजवळचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज तर निवासी आहे आणि फक्त ही दोनच वर्षं शिकवतं. अशा ठिकाणी चोपड्याचं, शिरपूरचं मूल पहिल्यांदाच घराबाहेर राहतं. भाषा, जेवण, झोप सगळं बदलतं, आणि त्यात पहिल्याच महिन्यांत सहा विषयांचं काम अंगावर येतं. पहिलं सत्र जड जातं, हे घरच्यांनी धरून चालावं.

वेळापत्रकही आधीच मांडून बघा. आपल्याकडच्या बहुतेक डिप्लोमा शाळांची परीक्षा एप्रिलअखेर ते मेमध्ये चालते, नीट साधारण मेच्या सुरुवातीला येते. दोन्ही अंगावर एकदम पडतात. डिप्लोमाचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. केंब्रिजने भारतासाठी मार्चचं सत्र ठेवलंय, त्याचा निकाल मेमध्येच हातात येतो. मात्र त्या सत्रात सगळे विषय नसतात, म्हणून मुलाचे विषय त्यात बसतात का ते शाळेकडून लेखी घ्या.